क्रमांक सतराचे डोळे

ओट्यावरून डब्याचं झाकण घसरलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. दुपारच्या चिडीचूप घरात तो खणखणाट भिंतींवर आपटत सुटला. हेमांगीनं कागदावरचा ब्रश पटकन वर उचलला आणि श्वास धरून आतल्या खोलीकडे कान दिला. झाकण थरथरत थरथरत निजलं. आणि जाई उठली.

"आई गं..."

"आले, आले. काही नाही झालं. झाकण पडलं, झाकण."

पाच वर्षांची पोर घामेजून गादीवर बसली होती. हेमांगीनं तिला आडवं केलं, ओढणीनं वारा घातला, पाठीवर थोपटत राहिली. अर्धवट झोपेत जाईनं विचारलं, "अण्णा आले?"

"नाही गं. झोप तू."

जाईची झोप दोन ते साडेतीन, आणि हेमांगीचं ऑफिसही दोन ते साडेतीन. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. वडील आजारी पडल्यापासून ती पेणला माहेरीच राहायला आली होती. तिला दिवसाचा एवढाच तुकडा मिळायचा, आणि त्यातलाही पाव तास आज झाकणानं खाल्ला.

ती टेबलाशी परत आली. कागदावर एक चेहरा होता. कपाळ, मधोमध भांग, गोल गाल, डाव्या गालावर बारीक खळी, मिटलेले ओठ, कानात डूल. हेमांगीनं ब्रश बुडवला, कडेला टेकवून टोक केलं. एक कान अजून आतल्या खोलीत होता. हात मात्र कागदावर होता आणि तो आपल्या वाटेनं चालला होता. डावा डोळा, उजवा डोळा, काळ्या बाहुल्या, आणि शेवटी बाहुलीत चमक म्हणून सोडलेला पांढरा ठिपका.

मग तिनं शेजारच्या टॅबवरच्या तक्त्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या जागी आकडे होते: अकरा, नऊ, चौदा, आठ.

साठच्या खाली रेष काढायची नाही, असा नियम होता.

तिनं पुसायला ओला कापूस उचलला आणि तसाच धरून बसली. अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, कारखान्यात गौरीचे मुखवटे व्हायचे. सगळं रंगकाम झाल्यावर अगदी शेवटी डोळे काढायचे. त्याला आखणी म्हणत, आणि ती एकटे अण्णा करत. आखणीच्या आधी मुखवटा म्हणजे नुसती शाडूची माती, कुणीही उचलावा, कुठेही ठेवावा. आखणी झाली की त्याला पाठ दाखवायची नाही. आणि एकदा उघडलेले डोळे पुसायचे नाहीत, चुकले तरीही. चुकलेला मुखवटा अण्णा धुतलेल्या फडक्यात गुंडाळून खाडीत सोडून येत, पण त्याच्या डोळ्यांना बोट लावत नसत. आठव्या वर्षापासून हेमांगी हे बघत आली होती.

तो चेहरा तिच्याकडे बघत होता. तिनं कापूस खाली ठेवला. एवढ्यानं काय होतंय, असं स्वतःशी म्हणाली. कागदाच्या कोपऱ्यात 'क्रमांक सतरा' लिहिलं आणि चित्र संस्थेला पाठवून दिलं.

पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या मेंदू-संशोधन संस्थेत डॉ. नसीमा मुजावर जे करत होत्या, ते सांगायला तसं सोपं होतं. आपण एखादी वस्तू बघतो तेव्हा डोक्याच्या मागच्या भागातल्या पेशी जाग्या होतात. डोळे मिटून तीच वस्तू आठवली तरी त्यातल्या बऱ्याच पेशी पुन्हा जाग्या होतात, फक्त मंदपणे, वात कमी केलेल्या दिव्यासारख्या. जाग्या झालेल्या पेशीला रक्त जास्त लागतं, आणि रक्त वाढलं की तिथून परतणारा उजेड किंचित बदलतो. नसीमांची टोपी एवढंच टिपायची. केसाहून बारीक असे चार हजार काचतंतू कवटीतून न दिसणारा, निरुपद्रवी उजेड आत सोडायचे आणि परत आलेला मोजायचे. महिनाभराची मोजणी एकावर एक ठेवून संगणक चौकटींचा एक तक्ता द्यायचा. प्रत्येक चौकटीत एक आकडा असायचा: इथे रेष असण्याची खात्री शंभरात किती. अपघातानं, झटक्यानं निपचित पडलेली माणसं, हाक मारली तर पापणी न हलवणारी, त्यांच्या आत काय चाललंय हे त्या तक्त्यात असायचं.

पहिली दोन वर्षं तक्त्यावरून चित्रही यंत्रच काढायचं. फार देखणी चित्रं. मग नसीमांच्या लक्षात आलं, की परभणीच्या शिक्षकाची आई आणि मालवणच्या खलाशाची बायको एकसारखंच हसतात. यंत्राला रिकामी जागा सोसत नव्हती. आकडा कमी दिसला की ते आपल्या पोतडीतलं काहीतरी काढून तिथे चिकटवायचं, आणि नातेवाईक चित्र छातीशी धरून रडायचे.

तेव्हा नसीमा माणसाचा हात शोधत पेणला आल्या होत्या. कारखान्यात पाटावर बसून चहा पिता पिता अण्णांना म्हणाल्या, "चित्र काढणारी माणसं पुष्कळ मिळतात हो. थांबणारं माणूस मिळत नाही."

"मग आमच्या हेमीला न्या," अण्णा म्हणाले. "ही बोहल्यावर चढायची थांबली होती, आंतरपाटावरचं स्वस्तिक वाकडं आलंय म्हणून. भटजी घड्याळ दाखवतायत, ही ब्रश मागतेय."

त्याला आता दोन वर्षं झाली होती. नसीमा आणि हेमांगी एका टेबलाशी बसून भांडत भांडत शिकल्या. "तुझा तो लाल रंग बंद कर बाई, आमच्याकडे लाल म्हणजे नव्वदच्या वर," नसीमा म्हणायच्या. "आणि तुमच्या स्क्रीनवरचा तो निळा आमच्याकडे दुकानाच्या शटरला मारतात," हेमांगी उलटून म्हणायची. पहिल्यांदा मॅडम होत्या, मग नसीमाताई झाल्या. तीसेक चेहरे हेमांगीनं काढले आणि आकडा नसेल तिथे कागद कोरा सोडला. डोळे कोरे राहिले की तिचा हात शिवशिवायचा. पण ती थांबायची.

मागच्या वर्षी, गौरी बसायला आठ दिवस असताना, अण्णा कारखान्यातच कोसळले. समोरच्या फळीवर अकरा मुखवटे आखणीसाठी मांडलेले होते. तेव्हापासून ते त्याच संस्थेच्या वॉर्डात होते, डोक्यावर टोपी, छताकडे उघडे डोळे. कुणाचा तक्ता कोणत्या चित्रकाराकडे जातो हे कुणालाच कळू नये म्हणून सगळ्यांना क्रमांक होते. नसीमांनासुद्धा नावं शेवटी कळत. अण्णांचा तक्ता कधीतरी कुणाच्या तरी टेबलावर येईल, एवढंच हेमांगीला ठाऊक होतं. मुंबईला, नागपूरला आणखी सहा चित्रकार होते. आपल्याच टेबलावर येईल असं तिला वाटलं नव्हतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

पंधरा दिवसांनी सकाळी नसीमांचा फोन आला. हेमांगी जाईची वेणी घालत होती.

"बसली आहेस का? बस आधी. निवड समितीनं क्रमांक सतरा घेतला. आत्ता नाव उघडलं." नसीमांचा आवाज कापत होता. "अण्णा आहेत गं ते. ओळखतात ते. आपल्या नियमात बसतं. पुढच्या महिन्यात सुया बसवू."

मेंदूच्या मध्यात केसासारख्या दोन सुया बसवायच्या आणि निजलेल्या भागाला विजेनं हळूहळू जागं करायचं, असा तो उपचार होता. वर्षाकाठी मोजक्याच जणांवर होई. ज्यांच्या आत ओळखीचं माणूस उरलेलं नव्हतं, त्यांना या सुयांनी नुसत्या वेदना दिल्या होत्या. म्हणून नियम कडक होता: रुग्णाच्या मनातल्या चित्रात बघणारा, ओळखू येणारा चेहरा हवा.

सुहासदादानं कारखान्यातूनच पेढे मागवले. एरवी गंभीर असणारा हा भाऊ, त्यानं जाईला खांद्यावर बसवून अंगणभर नाचवलं. संस्थेनं चित्राची प्रत पाठवली होती. ती बघून तो म्हणाला, "अगं, ही तर आपली जाई! खळी बघ की!"

"अण्णांना मी दिसते?" जाईनं विचारलं.

"दिसतेस म्हणजे काय, डोळ्यांत डोळे घालून बघतायत तुझ्याकडे!"

हेमांगीच्या हातातला पेढा तसाच राहिला. खळी जाईची होती हे खरं. जाई झाल्यापासून अण्णांच्या प्रत्येक गौरीच्या डाव्या गालाला तीच खळी होती, हेही तितकंच खरं.

रविवारी ती जाईला घेऊन वॉर्डात गेली. जाई पलंगाच्या कठड्याला लोंबकळून अण्णांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "अण्णा, बघा, दात पडला." अण्णा तिच्यापलीकडे छताकडे बघत होते. "आई, त्यांना आतून दिसतंय ना? म्हणून ते बाहेरून बघत नाहीत."

बाहेर नळाशी एक बाई डबा घासत होती. लोणंदची. तिची चोवीस वर्षांची लेक आठ महिन्यांपासून इथे होती.

"तुमचा नंबर लागला म्हणं," ती म्हणाली. "बरं झालं बाई. आमची एकोणीस नंबरची, निकाल लागल्यावर कळलं. थोडक्यात राहिली. तिच्या चित्रात घर आलं, तुळस आली, बाईमाणसाचं तोंडबी आलं. डोळं तेवढं आलं न्हाईत. त्यावरनं राहिली, असं सांगितलं." तिनं डबा झटकला. "कोण काढतं वो ही चित्रं? देवमाणूसच म्हणायचं. पण एवढं दोन डोळं काढलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?"

एकोणीस नंबरचं चित्र हेमांगीनंच काढलं होतं. डोळ्यांच्या जागी आकडे बावन्न आणि पंचावन्न होते. साठला पाच-आठ कमी. ती थांबली होती, आणि त्या दिवशी तिला स्वतःचा अभिमानही वाटला होता.

"आई, हात दुखतो," जाई म्हणाली. तेव्हा तिला कळलं की आपण पोरीचा हात किती घट्ट धरलाय.

दुसऱ्या दिवशी तिनं नसीमांच्या टेबलावर सतरा नंबरचा तक्ता आणि चित्र शेजारी शेजारी ठेवलं. नसीमांनी चष्मा वर केला, खाली केला. डोळ्यांपाशी त्यांचं बोट थांबलं.

"अकरा," त्या म्हणाल्या. "नऊ. हेमांगी?"

"झाकण पडलं होतं. जाई उठली होती. परत येऊन बसले आणि हातानं काढून टाकले."

"आणि पुसले का नाहीस?"

"आमच्यात डोळे पुसत नाहीत."

नसीमांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "समितीकडे पाठवण्याआधी मी तुझी चित्रं तपासतसुद्धा नाही गं. यंत्राची तपासते, बाकीच्यांची तपासते. तुझी नाही." त्यांचा आवाज चढला नाही, याचंच हेमांगीला जास्त लागलं. "तुला माहीत होतं, हे अण्णांचं आहे?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. डोळे काढेपर्यंत नाही. काढल्यावर... काढल्यावर वाटलं असेल. म्हणून पुसलं नसेल. मला नाही कळत, ताई. मी रोज विचारते स्वतःला."

नसीमांनी उठून खिडकी लावली, उगाचच. परत येऊन बसल्या. "आत्ता ह्या खोलीत दोघीच आहोत. मी काही बघितलं नाही असं म्हटलं, तर पुढच्या महिन्यात अण्णांच्या सुया बसतात."

"म्हणाल तुम्ही तसं?"

"तू म्हण म्हणालीस तर म्हणेन. म्हणून तर विचारतेय. मला तसं म्हणायला लावू नकोस."

हेमांगीला नळावरची बाई दिसत होती, डबा झटकणारी. ती म्हणाली, "नका म्हणू."

काहीतरी करायला हवं म्हणून हेमांगीनं दुसरा कागद घेतला आणि चेहरा पुन्हा काढायला घेतला, या वेळी एकेक आकडा बघून. अर्ध्यावर येऊन ती थबकली.

"ताई, यातली कुठली रेष आधी येते?"

"म्हणजे?"

"हा तक्ता महिन्याभराचा एकावर एक ठेवलेला आहे ना? पण अण्णांच्या डोक्यात ते एकदम उमटत नसेल. कधी गाल, कधी कान. आधी काय आणि नंतर काय?"

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. चित्र म्हणजे एकदम दिसणारी गोष्ट, असं धरून नसीमांनी वेळ पुसून टाकला होता. त्यांनी मूळ मोजणी उघडली आणि रोजची वेगवेगळी मांडली. दुपारभर दोघी स्क्रीनसमोर होत्या. आधी कपाळाचा घेर. मग गाल, डावा आधी, आणि त्यात खळी. मग ओठ. केस, भांग, डूल. भुवया. मग काहीच नाही. थोडा वेळ सगळं शांत, आणि पुन्हा कपाळ. दिवसातून अकरा वेळा. रोज.

हेमांगीच्या डोळ्यांना धार लागली. "हे बघणं नाहीये, ताई. हे काम चाललंय. फळीवर अकरा मुखवटे राहिलेत त्यांचे. रोज अकरा रंगवतात आणि भुवयांपर्यंत येऊन थांबतात. पुढे आखणी आहे."

"का थांबतात?"

"आखणीला मुखवटा समोर लागतो. अंदाजानं डोळे काढत नाहीत ते." तिनं भुवयांखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "किंवा तेवढीच जागा गेली असेल. तुमच्या भाषेत."

नसीमांनी हे सगळं समितीपुढे मांडलं. आधी चूक सांगितली, मग क्रम सांगितला. समितीतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. रेषांचा क्रम बघण्याची रीत उत्तम आहे, ते म्हणाले, यापुढे प्रत्येक रुग्णासाठी वापरावी. पण जन्मभराची हातसवय माणूस जाणिवेशिवायही घोकत राहतो. हे काम आहे, यात ओळख दिसत नाही. नियमात बसत नाही.

नव्या रीतीनं एकोणीस नंबरचा तक्ता उघडला तेव्हा त्या बाईमाणसाच्या चेहऱ्यात डोळे सगळ्यात आधी उमटत होते, स्पष्ट, सत्त्याहत्तर, आणि मग विरून जात होते. एकावर एक ठेवताना ते पुसट झाले होते. त्या सुया लोणंदच्या मुलीला बसल्या.

सुहासदादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओसरीवर चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "दुसऱ्याच्या घरासाठी खरं बोलायला तुला आपलंच घर सापडलं."

"दादा, ते डोळे मी काढले होते. अण्णांनी नाही."

"मग काय झालं? त्यांनीच शिकवलेल्या हातानं काढले ना?"

तो चपला वाजवत निघून गेला. सव्वा महिन्यानं अण्णांच्या छातीत कफ भरला. तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी सकाळी अण्णा गेले. नसीमा आल्या होत्या. शेवटच्या दिवसाची मोजणी त्यांनी कागदावर काढून आणली होती. त्या दिवशी चौथा मुखवटा भुवयांपर्यंत आला होता.

लोणंदची मुलगी आषाढात बोलली. 'आई' म्हणाली, असं नसीमांनी फोनवर सांगितलं. हेमांगीनं "बरं झालं" म्हटलं, आणि तिला खरंच बरं वाटलं. मग फोन ठेवून ती ओट्याला धरून उभी राहिली.

गौरी जवळ आल्या तसं दादानं कारखाना उघडला. त्यानं बोलावलं नव्हतं, पण एका दुपारी जाईला घेऊन हेमांगी तिथे गेली. शाडूचा ओलसर वास तसाच होता. फळीवर ते अकरा मुखवटे होते, वर्षभराच्या धुळीत. गाल, खळ्या, डूल, भुवया. त्याच्या पुढे काही नाही. दादानं त्यांना हात लावला नव्हता. तिला बघून तो अण्णांचा ब्रश पाण्यात भिजत घालून बाहेर निघून गेला.

जाईनं आईच्या पिशवीतून गुंडाळी काढली आणि जमिनीवर उलगडली. दुसऱ्यांदा काढलेलं चित्र, एकेक आकडा बघून काढलेलं. दोन्ही तळवे कागदावर टेकून ती ओणवून बघत राहिली. मग फळीकडे. मग परत कागदाकडे.

"हिचे डोळे कुठे गेले? आधी होते ना?"

"ते मी काढले होते, बाळा. चुकून."

"मग आता परत काढ. तुला येतात."

"मी नाही काढायचे. ते अण्णांचं काम होतं."

जाईनं आपल्या डाव्या गालावरच्या खळीत बोट घातलं. तेच बोट कागदावरच्या खळीत ठेवलं. मग पायाच्या बोटांवर उभी राहून फळीवरच्या पहिल्या मुखवट्याच्या गालाला लावलं. बोटाला धूळ लागली. ती तिनं फ्रॉकला पुसली.

"आई," तिनं विचारलं, "अण्णा काढत होते ती मी होते, की गौर?"